काकीचा सव्वा महिना

आमच्या भाट्ये गावात तिची आठवण निघाली की बायका अजून हात जोडतात. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, तेव्हा जोडणारच. मी जोडत नाही. मी तिची शेजारीण होते. आमची पडवी आणि तिचं घर यांच्यामध्ये एकच कूड होता, काठ्यांचा, वरून शेणाने लिंपलेला. तिच्या मशेरीचा वास, तिचा खोकला आणि तिच्या शिव्या, सगळं त्यातून आमच्याकडे यायचं. तिला सगळे काकी म्हणायचे. ती मुळात कुणाची काकी होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिचं स्वतःचं असं कुणी नव्हतं.

काकी सुईण होती. आम्ही खाडीच्या या बाजूला, आणि रत्नागिरी शहर, बाजार, मोठा दवाखाना सगळं पलीकडे. तेव्हा पूल नव्हता. होडीतून जायचं, आणि ओहोटी असली की होडी वाळूत रुतून बसायची. मग भरती येईपर्यंत काठावर बसा. बाळंतपण भरतीसाठी थांबत नाही, त्यामुळे गावात काकीचं राज्य होतं.

तिचा कायदा एकच. बाळंतिणीने सव्वा महिना निजून राहायचं. तसा तो सगळ्यांचाच रिवाज आहे, पण गरिबाघरी कोण पाळतो? दहाव्या-बाराव्या दिवशी सून उठते आणि कामाला लागते. काकी ते चालू द्यायची नाही. मूल झालं की ती त्या खोलीच्या दाराला आडवं सुंभ बांधायची, कमरेच्या उंचीवर. आत जाणाऱ्याने त्या काथ्याच्या दोरीखालून वाकून जायचं. बाळंतिणीला तेवढं वाकता यायचं नाही. त्या सुंभाची गाठ तिची स्वतःची होती. ती सोडून पुन्हा बांधली तर काकीला बघताक्षणी कळायचं, आणि मग त्या घरातल्या सासूची धडगत नसे.

एकदा वाडीतल्या एकीने सुनेला पंधराव्या दिवशी भात कांडायला उभी केली. काकी आली. तिने सुनेच्या हातातून मुसळ काढून घेतलं, तिला आत निजवलं, सुंभ बांधलं आणि स्वतः कांडायला लागली. कांडता कांडता सासूला विचारत होती, "तुज्या आवशीनं तुला कितव्या दिवशी उठवलंन गो? तिसऱ्या? म्हणून अशी झालीस." सगळं भात कांडून झाल्यावर कोंडा सासूच्या पुढ्यात ओतला आणि निघून गेली. ती सासू त्यानंतर वर्षभर काकीशी बोलली नाही. काकीच्या ते लक्षातही आलं नाही.

मूल हातात आलं की ती तळव्यावर तोलायची आणि मासळीच्या नावाने वजन सांगायची. बारीक मूल असलं तर बांगडा. चांगलं धरलेलं असलं तर सुरमई. एका भटजींच्या घरी नातू झाला तेव्हा, "सरंगा हाय सरंगा," म्हणून ओरडली. ती निघाली तेव्हा भटजींनी तिला अंगणातच थांबवून नारळ आणि खण दिला, परत आत येऊ दिलं नाही. ती म्हणाली, मी काय तळायला सांगितलं होतं काय.

असं दुसऱ्यांना निजवणारी ही बाई स्वतः कधी आडवी झालेली मी बघितली नाही. तापाने फणफणलेली असली तरी पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून जायची. पायाला गळू झालं होतं तेव्हा काठी टेकत गेली. मी म्हणायचे, काकी, दोन दिवस बस घरात. तर म्हणायची, आजारी पडायला मी काय रिकामी हाय?

आता माझं सांगते. माझं पहिलं मूल तिच्याच हातात गेलं. पायाकडून आलं आणि डोकं अडकलं. तिने करायचं ते सगळं केलं. मी तिला दोष दिला नाही. माझी सासू मात्र मध्येच खोलीतून पळून गेली होती. बाई भली, पण तिला रक्त बघवत नसे. शेवटपर्यंत माझ्याजवळ होती ती काकी. म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी मनाशी धरून ठेवलं की मला हेच हात पाहिजेत, दुसरे चालणार नाहीत. पुढे मी काकीचं केलं त्याला लोक सेवा म्हणतात. सेवा कसली. मला तिचे हात धड पाहिजे होते. वैशाखात माझे दिवस भरत होते.

त्या वर्षी पौषात ती पाखाडीवर खाली बसली ती उठेना. तिचं अंग बाहेर येत होतं. बायकांना होतं हे, आणि मरेपर्यंत त्या कुणाला सांगत नाहीत. काकी तर दुसऱ्यांची बाळंतपणं करणारी, ती कुणाला सांगणार? फडक्याची गुंडाळी लावून, वर घट्ट कासोटा मारून ती कित्येक वर्षं तशीच चालत होती. मी आणि सासूने तिला होडीत घालून पलीकडे दवाखान्यात नेली. मी चौथी पास, म्हणून आत तिच्याबरोबर मला घेतलं. डॉक्टरीणबाई देशावरच्या होत्या. बोलणं थोडं आणि सरळ.

"मुलं किती झाली?"

"एक."

"त्यानंतर कितव्या दिवशी उठलात?"

"तिसऱ्या. लावणी चालू व्हती. चिखलात उभी व्हतंय दिवसभर."

"आणि मूल?"

"ते नाय ऱ्हायलं."

दुसऱ्या कुणाला तिथे वाईट वाटलं असतं. मला राग आला. लवकर उठल्याने काय होतं ते हिला स्वतःच्या अंगावरून माहीत होतं. गावातल्या सगळ्या सुनांना हिने त्यापासून वाचवलं, आणि स्वतः फडकं लावून फिरत राहिली.

ऑपरेशन माघात झालं. पंधरा दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर लिहून दिलं. दीड महिना अंथरुणात. तीन महिने भरली कळशी उचलायची नाही, उकिडवं बसायचं नाही, ओढायचं नाही, जोर लावायचा नाही. आतले टाके दिसत नाहीत म्हणून बरे झाले असं समजायचं नाही. त्यांना वाटलं मी तिची मुलगी. मी म्हटलं, मी शेजारीण. त्या म्हणाल्या, मग शेजारणीने बघायचं.

मी बोटांवर मोजून बघितलं. तीन महिने वैशाखात संपत होते. माझं अडत नव्हतं. फक्त तिने निजून राहायला पाहिजे होतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ती अंगणात झाडू मारत होती. तिसऱ्या दिवशी नारळाचं सोडण सोलायला बसली होती, तीही उकिडवी. मी रोज तिला तो कागद वाचून दाखवायचे. ती डोळे मिटून ऐकायची, जशी पोथी ऐकावी तशी, आणि संपला की उठायची. मी म्हटलं, बाळंतिणीला सव्वा महिना निजवतेस, मग तू का नाही?

"डॉक्टरणीनं माज्यातून मूल काढलंन काय? मूल नाय तर बाळंतीण कशाची? माजं जुनं मडकं. चीर पडली ती सांधलंन. सांधलेलं मडकं काय कुणी गादीवर ठेवतं?"

मी म्हटलं, सांधलेल्या मडक्यात कुणी लगेच पाणीही भरत नाही, सांधा सुकू देतात. ती म्हणाली, "तू चौथी शिकलीस तेच वायट झालं."

शेवटी मी तिच्याच दाराला सुंभ बांधलं. माझ्या गाठीने. संध्याकाळी पेज घेऊन गेले तर सुंभ जागच्या जागी होतं, पण गाठ तिची होती. म्हणजे सोडून, बाहेर फिरून, परत येऊन बांधलं होतं, आणि मला कळावं म्हणून मुद्दाम स्वतःच्या गाठीने. काकी भिंतीकडे तोंड करून घोरत होती. घोरणं खोटं होतं.

मग शिमगा आला. देवाची पालखी आमच्या वाडीत आली तेव्हा सगळं गाव सहाणेकडे, पालखी ठेवतात त्या चौथऱ्याकडे, लोटलं. मला सातवा महिना. सासूने ओटी भरायला मला बरोबर नेलं. जाताना मी काकीला सांगून गेले. ती म्हणाली, जा, मी निजलंय, देवाला माजा नमस्कार सांग. इतकी शहाण्यासारखी बोलली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

परत आले तर घर रिकामं. खाडीपलीकडच्या राजिवड्यातून निरोप आला होता, तिथली एक मुसलमानाची बाई दोन दिवस अडली होती, आणि दवाखाना जवळ असून तिला काकीच पाहिजे होती. ढोलांच्या आवाजात कुणाला काही ऐकू जात नव्हतं तेवढ्यात काकी काठी घेऊन खाडीवर गेली आणि होडीत चढली. होडीवाल्याने तिला विचारलं होतं, काकी, तू आजारी ना? त्याला तिने सांगितलं की आजारी कोण ते पलीकडे गेल्यावर कळेल.

ती बाई सुटली. मुलगा झाला. संध्याकाळच्या भरतीला काकी परत आली तेव्हा तिला दोघांनी धरून होडीतून उतरवली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं, ते पाण्याने नव्हे. होडीवाला मागे होडी धूत होता.

मी तिला तिथेच वाळूवर बोलले. चार माणसांत. मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही.

ती म्हणाली, "ती मेली असती गो."

"आणि तू?"

"मी काय पोटुशी हाय?"

"मी हाय," मी म्हटलं. "मी हाय पोटुशी. माझं कोण करणार?"

तिने तोंड फिरवलं.

त्याच होडीने तिला परत पलीकडे नेली. टाके गेले होते. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा घातले, आणि मग मला बोलावून, माझाच गुन्हा असल्यासारखं सुनावलं. रक्त फार गेलं आहे. आता तीन महिने अंथरुणातून पाय खाली ठेवायचा नाही. तिसऱ्यांदा टाके घालायला तिथे काही उरलेलं नाही. मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, पहिलं मूल पायाळू होतं ना, मग या वेळी कळा सुरू झाल्या की लगेच इथे या. ह्यांच्या भरवशावर राहू नका.

नवे तीन महिने ज्येष्ठाच्या शेवटी संपत होते. माझा वैशाख त्याच्या अलीकडे पडला.

चैत्रात ती घरी आली. मी तिच्याशी बोलणं टाकलं. सकाळी पेज, दुपारी मऊ भात, संध्याकाळी पुन्हा पेज, समोर ठेवायची आणि निघायचं. ती कुडापलीकडून विचारायची, "काय गो, पोट उतरलं काय खाली?" मी उत्तर द्यायचे नाही. "डाव्या कुशीवर निज." निजायचे डाव्याच कुशीवर, पण सांगायचे नाही. "माज्यावर राग असंल तर पेजेत मीठ तरी घाल." मीठ घालत होते मी. तिच्याच तोंडाची चव गेली होती. पण या वेळी ती निजून होती खरी. मला वाटलं, चला, अक्कल आली. उशिरा आली पण आली.

वैशाखातली ती दुपार. सकाळपासून कंबर दुखत होती. मी म्हटलं कालच्या फणसाने असेल. नवरा बोटीवर खलाशी, तो मंगळूरकडे. सासू चुलीशी. मी काकीचा भात घेऊन तिच्या घरात गेले आणि ताट ठेवायला वाकले, तर तिथेच पाणी गेलं. काकी खाटेवरून म्हणाली, "ठेव ते ताट बाजूला आणि खाली निज." महिन्याभरात आमच्यात समोरासमोर झालेलं ते पहिलं बोलणं.

सासू धावत खाडीवर गेली आणि तशीच परत आली. ओहोटी. होडी वाळूवर. दोन तास तरी हलणार नाही. मला दोन तास नव्हते, ते मला कळत होतं आणि काकीला माझ्याआधी कळलं होतं.

तिने खाटेवरून हुकूम सोडायला सुरुवात केली. पाणी तापव. हात धू. परत धू, कोपरापर्यंत. जुनं लुगडं फाड. काकी सांगेल ते सासू करत होती, पण थरथरत होती, आणि दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होती. मी ते बघत होते. पहिल्या वेळी ती अशीच दाराकडे बघत होती आणि मग गेली होती.

डोकं आलं. पायाळू नव्हतं. पण नाळ मानेभोवती होती. सासूने एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. म्हणाली, माज्याच्यानं नाय व्हायचं.

मी खाली जमिनीवर. काकी माझ्यापासून दोन हातांवर, खाटेवर, कुशीवर वळलेली. ज्या हातांसाठी मी चार महिने जीव टाकला होता ते हात खाटेच्या काठाला धरून होते. मी ओरडले, "काकी, ऊठ."

"नाय."

"ऊठ मेले, ऊठ."

"तूच सांगितलंस निजून ऱ्हा. निजलंय. पायजे तर कागद वाच तुजा."

त्या क्षणी मला उठता आलं असतं तर मी तिचा गळा धरला असता. ती मात्र माझ्याकडे बघतही नव्हती. ती सासूशी बोलत होती, अगदी हळू, तिने कधी वापरला नव्हता अशा आवाजात. "माज्याकडे नको बघू. दाराकडे नको बघू. पोराकडे बघ. नाळंखाली बोट घाल. गेलं? आता वर उचल. ओढू नको. डोक्यावरनं काढ, जशी माळ काढतेस तशी. बघ, निघाली. आता पोराला येव दे."

मुलगी झाली. आधी रडली नाही. काकीने सांगितलं तसं सासूने तिला पालथी धरून पाठ चोळली, मग रडली. सासूही रडली. मी नाही, माझ्यात ताकद नव्हती. भरती आली तेव्हा होडीवाला विचारायला आला, जायचं ना? सासूने रक्ताच्या हातांनी त्याला बाहेर हाकललं.

मला उचलून आमच्या घरात नेलं. पुढचा सव्वा महिना कुडाच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला काकी, अशा दोघी निजून होतो. सासू दोघींचं करायची. काकी पलीकडून मला बोलायची की उठलीस वाटतं, खाट वाजली. मी म्हणायचे, तुझी वाजली. दोघींचंही खरं असायचं. सासूचा हात त्या दिवशी जो स्थिर झाला तो झाला. पुढे काकी थकल्यावर गावातली बाळंतपणं सासूच करायची. काकी दाराशी बाकड्यावर बसून तिला शिव्या घालायची.

सव्वा महिना झाला त्या दिवशी न्हाऊन मी पहिल्यांदा बाहेर पडले ती मुलीला घेऊन तिच्याकडेच गेले. मला एक विचारायचं होतं, आणि ते विचारल्याशिवाय मला तिच्याशी धड भांडताही येत नव्हतं. मी म्हटलं, जन्मात कुणाचं ऐकलं नाहीस. कागद वाचून माझी जीभ झिजली, तेव्हा ऐकलं नाहीस. नेमकं त्याच दिवशी कसं ऐकलंस?

ती मशेरी लावत होती. बोट तोंडातून काढून म्हणाली, "ऐकलं कुठं गो. दोनदा उठायला गेलंय. पायच लागले नाय. पायात जीवच नव्हता." मग बाहेर थुंकून म्हणाली, "तुज्या सासूला ते कळलं असतं तर ती पळाली असती."

मी मुलीला तिच्या खाटेवर कुशीशी ठेवली. नुसती बघ, उचलू नकोस, असं बजावलं आणि भाकऱ्या थापायला गेले. तिसरी भाकरी तव्यावर असताना मुलीचा आवाज अंगणातून आला. बाहेर येऊन बघते तर काकी तिला उराशी धरून सरळ उभी होती.

डॉक्टरीणबाईंचे तीन महिने संपायला अजून बारा दिवस होते.